एक गुडघा, दोन ग्रेड

संशोधनासाठी गुडघ्याच्या एक्स-रे फिल्म वाचायचं काम माझ्याकडे आलं ते आमच्या ऑर्थोपेडिक्सच्या सरांमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांचा गुडघा काही वर्षांत किती झिजतो, हे त्यांना पाहायचं होतं. अट एकच : प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची आणि एकमेकांशी बोलायचं नाही. दुसरे वाचक माझेच एक सहकारी होते, अनुभवाने माझ्या बरोबरीचे. पहिला गठ्ठा संपल्यावर दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. ठणठणीत गुडघे आणि पार खिळखिळे झालेले गुडघे यांवर आमचं एकमत होतं. मधल्या गुडघ्यांवर मात्र एकाचा एक तर दुसऱ्याचा दोन, एकाचा दोन तर दुसऱ्याचा तीन.

रोजच्या कामात ही गोष्ट उघडी पडत नाही. रिपोर्ट एक जण करतो, खाली सही एकाचीच असते. तीच फिल्म शेजारच्या टेबलावर गेली असती तर काय ग्रेड आली असती, हे कोणी विचारत नाही.

आम्ही वापरत होतो ती पट्टी केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांची. १९५७ साली त्यांनी ती मांडली आणि झिजेच्या संधिवातासाठी आजही जगभर तीच चालते. शून्य ते चार अशा पाच पायऱ्या. शून्य म्हणजे निरोगी. एक म्हणजे हाडाला काटा फुटल्याचा संशय. दोन म्हणजे काटा नक्की, दोन हाडांमधली गॅप कमी झाल्याची शक्यता. तीनमध्ये गॅपही नक्की कमी. चारमध्ये गॅप जवळपास संपलेली, हाडाच्या कडा दाट पांढऱ्या, आकार बिघडलेला. साधारणपणे दोनपासून पुढे संधिवात धरतात. म्हणजे आजार आहे की नाही, हे संशय आणि खात्री यांच्यामधल्या रेषेवर ठरतं, आणि ती रेषा ज्याच्या त्याच्या नजरेत थोडी इकडेतिकडे असते.

सरांनी आम्हा दोघांना एकाच स्क्रीनसमोर बसवलं. ज्या फिल्मवर मतभेद होते तेवढ्याच काढल्या.

"हा काटा कशावरून? हाडाचा कोपराच टोकदार असेल," सहकारी म्हणाले.

"मग गॅप कमी कशावरून म्हणताय?" मी विचारलं.

"बाहेरच्या बाजूशी ताडून बघा ना."

"पण बाहेरची बाजू मुळातच रुंद असते!"

असे बरेच खटके उडाले. त्यातूनच आमची नियमावली तयार झाली. काटा आणि गॅप यांना आधी वेगवेगळे गुण द्यायचे, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला स्वतंत्र, आणि मगच एकत्र ग्रेड ठरवायची. शेजारी नमुना-चित्रांचा अ‍ॅटलास उघडा ठेवायचा आणि आठवणीतल्या गुडघ्याशी तुलना करायची नाही. अशा चित्रांचा ओआर्सी अ‍ॅटलास १९९५ पासून उपलब्ध आहे, २००७ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. तरीही जुळलं नाही, तर तिसरा वाचक पंच.

पुढचा गठ्ठा वाचला तेव्हा दहातल्या बहुतेक फिल्मवर जुळतंय म्हणून आम्ही खूश होतो. संख्याशास्त्राच्या मॅडमनी तो आनंद फार टिकू दिला नाही. "समजा, शंभर गुडघ्यांतले नव्वद निरोगी आहेत. तुम्ही दोघांनी डोळे मिटून नव्वद-नव्वद वेळा 'निरोगी' म्हटलं, तरी सरासरी ब्याऐंशी वेळा जुळेल. मग तुमच्या डोळ्यांचं कौतुक कशाचं?" असं नशिबाने जुळलेलं वजा करून उरतो तो आकडा म्हणजे कापा. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये दिला. एक असेल तर पूर्ण एकमत, शून्य असेल तर निव्वळ योगायोग. आमच्याकडे त्याचा भारित प्रकार वापरला, कारण एकाच्या जागी दोन म्हणणं आणि शून्याच्या जागी चार म्हणणं हे गुन्हे सारखे नव्हेत.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी केल्या. आधी वाचलेल्या काही फिल्म नाव झाकून पुन्हा गठ्ठ्यात घुसवल्या, म्हणजे माझं माझ्याशी तरी जुळतं का ते कळावं. आणि तारखा काढून टाकल्या. कोणती फिल्म नंतरची आहे हे माहीत असलं, की डोळा तिच्यात झीज शोधू लागतो.

नजरेइतकाच घोळ फिल्म काढताना होतो. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि त्या जागेत कूर्चेबरोबर मेनिस्कसची गादीही असते. रुग्ण झोपलेला असेल तर पायावर भार नसतो आणि जागा आहे त्यापेक्षा मोकळी दिसू शकते. गुडघा किती वाकवला, पाऊल किती वळलं, किरणांचा कोन काय होता, यानेही मिलिमीटर बदलतात. आमच्या टेक्निशियनने पावलांसाठी जमिनीवर खुणाच करून घेतल्या. "मॅडम, आजींना उभं राहवत नाही, झोपवून घेऊ का?" असं त्याने विचारलं, की उत्तर ठरलेलं असे : वॉकर धरू दे, पण उभ्यानेच.

याच काळात सासवडकडच्या एक बाई ओपीडीतून रिपोर्ट घेऊन आल्या. "मॅडम, सहा महिन्यांत दोनाचं तीन झालं! आता गुडघा बदलायलाच लागणार ना?" दोन्ही फिल्म लावून पाहिल्या. जुनी झोपून काढलेली, नवी उभ्याने. हाडाचे काटे होते तसेच होते. त्यांचा गुडघा सहा महिन्यांत बिघडल्याचा कोणताही पुरावा त्या दोन फिल्ममध्ये नव्हता. दुखणं मात्र खरं होतं, आणि ते जिना चढताना जास्त व्हायचं. असं दुखणं वाटीमागच्या सांध्याचं असू शकतं, पण तो सांधा समोरून काढलेल्या फिल्ममध्ये धड दिसत नाही, त्यासाठी वेगळी फिल्म काढावी लागते.

एमआरआयने हा ग्रेडचा घोळ मिटेल असं अनेकांना वाटतं. एमआरआयमध्ये कूर्चा, मेनिस्कस, हाडातली सूज, सांध्यातलं पाणी सगळं दिसतं, पण जितकं जास्त दिसतं तितकं जास्त मोजावं लागतं. २०११ च्या मोक्स पद्धतीत नुसत्या कूर्चेसाठी गुडघ्याचे चौदा भाग पाडून प्रत्येकाला गुण द्यायचे असतात. संगणकही यातून सुटलेला नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या प्रकल्पात ४,७९६ लोकांचे गुडघे वर्षानुवर्षं टिपले गेले आणि त्या फिल्मवर अनेक प्रणाली शिकल्या. शिकताना त्यांच्यासमोर उत्तर म्हणून होती ती माणसांनीच दिलेली ग्रेड.

या कामातून माझं मत पक्कं झालं : ग्रेड ही गुडघ्याइतकीच पद्धतीचीही असते. नियम लिहिलेले नसतील, तर दोन रिपोर्टमधला फरक गुडघ्याचा की डोळ्यांचा, हे सांगता येत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. गुडघ्याचा एक्स-रे उभ्यानेच काढा, शक्यतो त्याच सेंटरमध्ये. जुनी फिल्म किंवा सीडी टाकून देऊ नका, दरवेळी सोबत न्या. दोन रिपोर्टमधले आकडे घरी ताडून घाबरू नका, दोन्ही फिल्म एकाच डॉक्टरांना शेजारी शेजारी दाखवा. आणि ऑपरेशनचा निर्णय तुमचं दुखणं, चालणं आणि डॉक्टरांची तपासणी यांवर होऊ द्या, एकट्या ग्रेडवर नको.