आधी पवित्रा, मग हत्यार

आमच्या लहानपणी पेठेतल्या तालमीत वस्ताद कित्येक महिने हाताला लाठीसुद्धा लावू देत नसत. मारुतीला सलामी द्यायची आणि पवित्रे घटवायचे. पुढे लाठी, मग फरीगदगा. चामड्यानं मढवलेला गदगा बरगडीवर बसला की डोळ्यांत पाणी येई. पण असे फटके खाऊन खाऊनच, वार येताना डोळे मिटायची खोड मोडायची. दांडपट्टा सगळ्यात शेवटी. त्याच्या खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो आणि मनगट वळत नाही. वार खांद्यातून, कमरेतून, पायांतून काढावा लागतो. पाय कच्चे असतील तर पट्टा आधी आपल्यालाच लागतो.

ही विद्या पुण्यात जुनी. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. १८५६ च्या सुमारास सुपारी घेतलेले दोघे रात्री त्यांच्या घरात शिरल्याची हकिकत पुण्यात आजही सांगतात. जोतीराव जागे झाले, कोण आलंय, कशासाठी आलंय ते त्यांनी शांतपणे विचारलं. दोघांनी हत्यारं टाकली. पुढे त्यांतले धोंडीराम कुंभार सत्यशोधक विद्वान झाले, रोडे रामोशी जोतीरावांचे रक्षक. त्या शांतपणामागे त्यांच्या विचारांचं बळ होतंच, पण तालमीचाही वाटा होता असं मला मनापासून वाटतं. अंगात कस असलेला माणूस घाबरून हात उगारत नाही.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर पट्टा हळूहळू मिरवणुकीपुरता उरला. २०२४ मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, याचा आनंद आहेच.

आता माझी नात कोथरूडला स्वसंरक्षणाच्या वर्गाला जाते. आमच्या तालमीत मुलींना उंबऱ्याआत पाऊल टाकता येत नसे. हा बदल मला त्या जुन्या दिवसांपेक्षा मोलाचा वाटतो. मात्र दोन दिवसांच्या शिबिरात वीस डाव दाखवतात आणि प्रमाणपत्र देतात, तिथं जीव तुटतो. समोरचा जोडीदार आधी सांगून, हळूच मनगट धरतो. बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर नेम पक्का होतो, पण कागदी निशाण अंगावर धावून येत नाही. छाती धडधडू लागली, ओरडाआरडा झाला, की डोक्यातले वीस डाव पुसले जातात. हजारदा घोटलेले दोनच हातून निघतात. नातीच्या वर्गातल्या बाईंना हे ठाऊक आहे. जोर काढून दमलेल्या मुलींवर त्या न सांगता मागून चाल करतात, आणि वर्षभर तेच दोन डाव घोटून घेतात.