लेबलाजवळची अक्षरं

जुनी रेकॉर्ड हातात आली की कव्हर मी नंतर बघतो. आधी तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची आणि लेबलाभोवतीचा गुळगुळीत पट्टा वाचायचा. मॅट्रिक्स नंबर तिथे कोरलेला असतो. ब्रिटिश ईएमआयची, हेजच्या कारखान्यातली रेकॉर्ड असेल, तर हा नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी आणायचा. मग नऊच्या जागी ‘मदर’चा, म्हणजे स्टँपर ज्यावरून घेतात त्या धातूच्या तबकडीचा आकडा सापडतो आणि तीनच्या जागी स्टँपरची, म्हणजे प्रती छापणाऱ्या साच्याची अक्षरं. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन; ग्रामोफोन लिमिटेड या नावातली दहा अक्षरं त्यांनी आकड्यांसाठी वापरली. प्रती निघतात तसा स्टँपर झिजतो, म्हणून एकटा ‘जी’ दिसला की छाती धडधडते. कव्हरवर १९६९ छापलेलं असलं, तरी आतली तबकडी दहा वर्षांनंतरची असू शकते. खरं काय ते हा पट्टाच सांगतो.

मी राहतो ते ठाण्यातलं मानपाडा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. रेकॉर्ड कायम उभ्या ठेवायच्या, भिंतीला टेकवायच्या नाहीत. धुवायचं डिस्टिल्ड पाण्याने, ब्रश खाचेच्याच दिशेने फिरवायचा.

माझ्या कपाटातली सर्वांत लाडकी एलपी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’. नोव्हेंबर १९६८मध्ये आलेली, ॲपल लेबलची पहिलीच एलपी. तिचा बराच भाग जानेवारी १९६८मध्ये मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. त्यासाठी एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन आणवलं. स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. संध्याकाळी ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागे, असं हॅरिसन सांगत. संतूर शिवकुमार शर्मांचं, सुरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकरांचं, बासरी एस. आर. केंकरे यांची. त्याच दिवसांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथेच झालं आणि मार्चमध्ये ते गाणं ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं.

बाजारात या एलपीला भाव मिळतो तो एका बीटलच्या नावावर. मी ती केंकऱ्यांच्या बासरीसाठी लावतो. फोर्टात वाजलेले ते सूर पहिल्या छापाइतके जवळून दुसऱ्या कुठल्या प्रतीत ऐकू येतील, असं मला वाटत नाही. स्टिरिओ प्रत मिळाली आहे. मोनो अजून शोधतो आहे.