खड्ड्यातून परतलेली मोटार

अमेरिकेतील केंटकी राज्यातले बोलिंग ग्रीन हे शहर चुनखडीच्या भूमीवर वसले आहे. पाणी ही चुनखडी झिजवते आणि जमीन आतून पोकळ होते. ‘कॉर्व्हेट’ स्पोर्ट्‌स मोटारी १९८१ पासून येथेच तयार होतात. त्यांचे संग्रहालयही येथेच आहे.

१२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे संग्रहालयातील जमीन खचली आणि आठ मोटारी खड्ड्यात कोसळल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

त्यांत १९६२ सालची एक काळी कॉर्व्हेट होती. तिची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याला पोचा आला तर ठोकून काढता येतो. फायबरग्लास मात्र तडकतो. मग रंग खरवडून तडा आतल्या तंतूंपर्यंत घासायचा, काचतंतूंच्या कापडाचे थर रेझिनने बसवायचे, वाळल्यावर घासून सपाट करायचे आणि शेवटी रंग द्यायचा. घाईने नुसती लांबी भरली, तर तडा रंगातून पुन्हा डोकावतो.

ही मोटार २०१८ मध्ये पूर्ववत झाली. आठांपैकी तीनच मोटारी दुरुस्त झाल्या. बाकीच्या पाच मोडक्या अवस्थेतच जपल्या आहेत. त्या पाहिल्यावरच काळ्या कॉर्व्हेटच्या झळाळीमागचे कष्ट कळतात.