पोलादपूरचा गंज

सीटा पुरानंतर फेकून द्याव्या लागल्या होत्या, म्हणून मामाच्या गोठ्यात उभ्या केलेल्या गाडीत मी बादली पालथी घालून बसलो. सवयीने क्लचकडे पाय नेला, तर टाच पत्र्यातून आरपार गेली आणि खाली सारवणाला टेकली. मामा दारातून म्हणाला, "ब्रेक बरे लागतायत की."

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. आबांनी ती सत्तरच्या दशकात जुनीच घेतलेली. आरसी बुकावर जिल्हा अजून कुलाबा आहे. त्याचं रायगड 1981 साली झालं. महाडच्या बाजारपेठेत आबा तिला 'स्पोर्ट्‌स कार' म्हणत आणि लोक हसत. चार माणसांची, 948 सीसीची, मद्रासच्या कारखान्यातली गाडी ती; शेणखत वाहणाऱ्या बैलगाडीला शर्यतीचा छकडा म्हणण्यातला प्रकार. पण आबा अगदीच थापा मारत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. हेराल्डची घडण तुरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्तीची. ट्रायम्फने ती इंग्लंडात 1959 मध्ये बाजारात आणली आणि तीनच वर्षांनी तिचीच चेसिस आखूड करून, त्याच मिकेलोत्तीच्या हातची दोन माणसांची उघडी स्पिटफायर तिच्यावर चढवली. म्हणजे आमची ही तिची थोरली बहीण, संसारात पडलेली.

गुण मात्र माहेरचे. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटायचं, आ वासल्यासारखं, आणि गल्लीतली पोरं 'मगर, मगर' करत जमायची. पुढची चाकं इतकी वळायची की पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना आबा त्या वळणांवर स्टिअरिंग एका हाताने फिरवत आणि दुसऱ्या हाताने आईला प्रतापगड दाखवत. आई गडाकडे बघायचीच नाही. तिचे डोळे त्या रिकाम्या हाताकडे.

22 जुलै 2021. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरला पडलेलं पाणी सावित्री आमच्याकडे आणते, गांधारी आणि काळ तिला येऊन मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की सगळं आमच्या उंबऱ्यावर थांबून राहतं. महाडकराला पूर नवा नाही. भांडी माळ्यावर, धान्य माळ्यावर, म्हातारी माणसं शेजारच्या गच्चीवर, हे हातपाय आपोआप करतात. गाडी माळ्यावर नेता येत नाही. 2005 च्या पुरात ती चाकं बुडेस्तोवर उभी होती. या वेळी टपासकट गेली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर आतून चिखल पायावर सांडला. काचेपर्यंत गाळ, मऊ आणि तांबडा.

पंधरा दिवस आम्हाला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. घरोघरी गाळ उपसणं चाललं होतं आणि प्रत्येक दारासमोर लोखंडी कपाटं आडवी पडलेली, पोट फुगलेली. मग मामाने टेम्पो पाठवला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, गोठ्यातली गुरं विकलेली, दुपारी करण्यासारखं काही नाही. महाड ते पोलादपूर वीसेक किलोमीटर. वाटेत सावित्रीवरचा नवा पूल लागतो. ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. गढूळ पाण्यात त्या शोधायला क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून सोडलं होतं. टेम्पो पुलावर आला की बोलणं आपोआप थांबतं. त्या दिवशीही थांबलं. मागे दोरखंडाने बांधलेल्या गाडीतून पाणी ठिबकत होतं.

गोठ्यात आल्यावर मामाने पेचकस घेऊन तिला टोचून पाहिलं, आंबा पिकलाय का बघतात तसं. कट्ट आवाज आला की पत्रा जिवंत, खुस्स झालं की मेलेला. खुस्स खूप झालं. डिकीचा तळ, दारांखालच्या पट्ट्या, आणि चेसिसमधून दोन्ही बाजूंना निघणारे ते हात, ज्यांच्यावर बॉडी बसते. गंज लोखंडाची जागा घेतो आणि तेवढ्यावर भागवत नाही. तो लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. म्हणून पत्र्याला पापुद्रे सुटतात, खाज्याचे सुटतात तसे. एके ठिकाणी चार पापुद्रे निघाले आणि त्यांच्याखाली पत्राच उरला नव्हता. नुसता रंग धरून राहिला होता.

मी खरवडलेला गंज सुपात गोळा करून बाहेर टाकायला गेलो आणि टाकल्यावर दिसेना. अंगणातल्या गाळाचा रंग तोच. नंतर लक्षात आलं की तसा तो असायलाच हवा. महाबळेश्वरचं पठार म्हणजे वर जांभ्याचं टोपण आणि खाली काळा पाषाण. लाखो वर्षं पाऊस त्या पाषाणातलं बाकी सगळं धुऊन नेतो, लोखंड मागे राहतं आणि हवा खाऊन गंजतं; त्याचाच जांभा होतो. सावित्रीने आमच्या गाडीत भरलेल्या गाळात डोंगराचाही गंज असणारच. पोलादपूर नावाच्या गावात बसून मी गंज खरवडत होतो आणि डोंगर वरून नवा पाठवत होता. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, डोंगराला रेड ऑक्साइड मारायचा?"

हेराल्डचं एक बरं आहे. ट्रायम्फला बॉडी करून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला, म्हणून त्यांनी हिची बॉडी वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्यातुकड्यांत करवून नटबोल्टांनी जोडली. अडचणीतून निघालेली ही युक्ती साठ वर्षांनी आमच्या कामी आली. अर्थात बोल्ट फिरले असते तर. डिझेल आणि जुनं ऑइल पाजून रात्रभर ठेवायचे, सकाळी पाना लावायचा, आणि दहातले तीन तरी मुंडकं मोडून हातात यायचे.

छोटे भाग आईने मागून घेतले. परसात बिंबलाचं झाड आहे. कपड्यावरचा गंजाचा डाग ती बिंबलं चोळून काढते. त्यातल्या आम्लाला गंज विरघळतो. तिने दारांच्या बिजागऱ्या बिंबलांच्या रसात घातल्या आणि दोन दिवसांनी करड्या, स्वच्छ बिजागऱ्या माझ्यापुढे ठेवल्या, वर लगेच तेलाचं बोट. मोठ्या भागांना मी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरीचा चार्जर वापरला. वजा टोक गंजलेल्या भागाला, अधिक टोक कुठल्यातरी टाकाऊ लोखंडाला. टाकाऊ म्हणून मामाने नांगराचा जुना फाळ दिला. पाण्यातून बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. त्यामुळे मामाला बिडी अंगणात प्यावी लागली आणि त्याने ते अजून मला माफ केलेलं नाही. चार दिवसांत कमानीचे पाटे उजळले आणि फाळ पात्यासारखा पातळ झाला. त्याच्या आजोबांनी तो फाळ वापरला होता, हे मामाने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी तो पाण्यात घातला नसता, आणि म्हणूनच त्याने सांगितलं नसावं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी करण्याचा केंद्राचा नियम नेमका त्या जुलैत, पूर येण्याच्या आठवडाभर आधी निघाला. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल नकोत. मी कागद वाचून दाखवला. मूळ म्हणजे काय, हा प्रश्न गोठ्यात बसून फार अवघड होतो. मूळ तळ तर सुपातून अंगणात गेला होता.

नवा तळ लागणारच होता. वीस गेजचा पत्रा महाडहून आणायचं ठरलं. मग मामाचं लक्ष आमच्या घरच्या त्या फुगलेल्या कपाटाकडे गेलं. भंगारवाल्याने किलोवर मागितलेलं, आईने दिलेलं नव्हतं. दार मात्र शाबूत. तेवढंच जाड, सपाट, आत एक आडवी घडी. मामाने पुठ्ठ्याचा नमुना कापला, दारावर ठेवला, खडूने रेघ ओढली. आतल्या बाजूला आईचा दुधाचा हिशेब होता, पेन्सिलीने, दोन रतीब, अर्धा, खाडा. पुराला तो पुसता आला नव्हता. वेल्डिंग करताना कडेचा रंग काढावाच लागतो, नाहीतर जोड धरत नाही. मामाने कडा तेवढ्या काढल्या.

इंजिन अजून सुरू झालेलं नाही. कार्बोरेटरात गाळ बसलाय. पण परवा तळ पक्का झाला तेव्हा आईला टेम्पोच्या केबिनमध्ये बसवून पोलादपूरला आणलं. ती बादलीवर बसली, आबांच्या बाजूच्या जागेवर, आणि पायाखाली वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एकोणीस तारखेचा खाडा त्याने लावला नव्हता. पैसे घेतले होते."

मामाने त्यावर रेड ऑक्साइड मारायला ब्रश उचलला होता. तो त्याने परत डब्यात ठेवला.