रात्रपाळीची पाने

परभणी, 10 ऑगस्ट 2024

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली बातमी नाईट संपता संपता मोबाइलवर वाचली. ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून, तोही सेमिनार हॉलमध्ये. पुढच्या पाळीच्या सिस्टरना ओव्हर देताना कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. आमच्या छोट्या दवाखान्यातल्या चेंजिंग रूमची कडी कधीची तुटलेली आहे. कपडे बदलताना आम्ही दाराला सलाईनचा स्टँड आडवा लावतो. कॅमेरे दोन आहेत, दोन्ही बिलिंग काउंटरवर रोखलेले.

20 ऑगस्ट

सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. मुंबईच्या केईएममध्ये नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो 1973 साली, तोही रुग्णालयातल्याच माणसाकडून. 2015 मध्ये त्या गेल्या, तोवर तिथल्या नर्सेसनीच त्यांना जपलं. इतक्या वर्षांत एक कडी लावून होत नाही?

24 ऑगस्ट

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, 2017 वाचून काढला. रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर आधी तिची संमती हवी, संरक्षण हवं आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवायला वाहन हवं. रुग्णालयंही यात येतात. पण आज, 2024 मध्ये, कायदा लागू होतो तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच. आमच्याकडे मावशी-मामा धरून आठ जण! गंगाखेड, जिंतूर, सेलूकडच्या छोट्या दवाखान्यांतल्या सिस्टर याच फटीतून निसटतात. नुसत्या वाहनानेही भागत नाही. 2007 साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा घात कंपनीच्या कॅबच्या चालकानेच केला. चालक कोण, याची चौकशी आधी व्हायला हवी.

2 सप्टेंबर, पोळा

कालपासून पाऊस कोसळतोय, ओढे-नाले फुगलेत. इव्हिनिंगवाली सिस्टर सुटली तेव्हा रस्त्यावर ऑटो नाही, लाइट नाही. दवाखान्याच्या सरांना फोन केला तर म्हणाले, "घरच्यांना बोलवा ना." तिचे घरचे पाण्यापलीकडे. रात्रभर ती वॉर्डातच थांबली, त्या रात्रीचा पगार मात्र नाही.

17 सप्टेंबर

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. संध्याकाळी बातमी आली: महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नका, या पश्चिम बंगाल सरकारच्या सूचनेवर सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली. सुरक्षा देणं सरकारचं काम, बायकांना रात्री काम करू नका म्हणता येणार नाही. अगदी बरोबर! नाईट बंद झाली तर आमचा भत्ता जाईल, मग नोकरीही. आम्हाला सवलत नको, कडी हवी, गाडी हवी.

19 सप्टेंबर

सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला. कडी बसली. गाडीबद्दल "बघू".

छोट्या दवाखान्यांतल्या बायांनो, एवढं लक्षात ठेवा. दहापेक्षा कमी माणसं असली तरी लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तीन महिन्यांच्या आत, लेखी करा. जिवावर बेतलं तर लगेच 112.