घाटमाथ्यावर दुम-तेक

प्रवासाची दैनंदिनी : लेखांक चौथा

शुक्रवार

कसाऱ्याला गाडी थांबली की खिडकीतली माणसं दारात येतात. मागे बँकर लागायचे असतात. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. ती जादा इंजिनं मागून रेटतात तेव्हा कुठे गाडी इगतपुरी गाठते. थळ घाटातून हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. श्रावणातली दुपार होती. बोगदा संपला की धुकं, धुक्यात एखादा धबधबा, की पुन्हा बोगदा.

समोरच्या आजी घोटीला लेकीकडे निघाल्या होत्या. माझ्या सॅकला बांधलेली वेताची काठी त्यांच्या डोळ्यांत भरली.

"काठी कशाला गं पोरी? डोंगर चढायला?"

"नाही आजी, नाचायला. इजिप्तचा नाच आहे. पोट आणि कंबर हलवतात त्यात."

आजींनी थोडा विचार केला. "बाळंतपणानंतर बरा असंल."

इजिप्तमध्ये लग्नाकार्यात बायका घरातल्या घरात हाच नाच नाचतात. अंगात पायघोळ झगा असतो आणि कमरेला रुमालाची गाठ. झगमगीत चोळी-पट्टा मंचावरचा. आपल्याकडे बेली डान्स म्हटलं की १९७५ च्या 'शोले'तल्या गाण्यातली हेलन आठवते. मीही तिला पाहूनच या वाटेला लागले, तेव्हा त्या गाण्याची मला अपूर्वाईच आहे. पण आजींनी ओळखलेला नाच घरातला होता, आणि तो अधिक जुना आहे.

इगतपुरी स्टेशनवर पाऊस तिरका येत होता. उतरणाऱ्यांत बरेचजण धम्मगिरीला चाललेले, दहा दिवस मौनात बसायला. १९७६ पासून इथे विपश्यनेची शिबिरं भरतात. आम्ही चौघीजणी भावली धरणाच्या रस्त्याला लागलो. मुंबई, पुणे आणि नाशिकच्या काही नृत्यशिक्षिकांनी मिळून शनिवार-रविवारचा हा बेली डान्सचा मेळा भरवलाय. कुठलं मोठं नाव नाही, प्रायोजक नाही. स्वयंपाकाच्या मावश्या शेजारच्या वाडीतल्या. ठाण्याहून मोटारीने आलेल्या मुली समृद्धी महामार्गाच्या नव्या बोगद्यातून आल्या. जून २०२५ मध्ये तो टप्पा खुला झाल्यापासून घाट त्यांना दिसतच नाही. पुण्याच्या मुली सिन्नर-घोटी रस्त्याने उशिरा पोचल्या.

नाचणारी बाई नव्या जागी आली की आधी जमीन बघते. इथे कोटा फरशी, पावसाने दमट. अनवाणी गिरकी घ्यायला गेलं तर तळवा चिकटतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. रात्री सगळ्यांनी मिळून भाड्याने आणलेल्या लाकडी फळ्या अंथरल्या, सांध्यांवर पट्ट्या मारल्या आणि मग जेवलो. नागली-तांदळाच्या भाकऱ्या आणि खुरासणीची चटणी.

शनिवार

सकाळ सईदीची. वरच्या इजिप्तचा, म्हणजे नाईलच्या दक्षिण खोऱ्यातला हा ताल आणि त्यावरचा काठीचा नाच. तिथले पुरुष 'तहतीब' नावाचा काठ्यांचा खेळ खेळतात. युनेस्कोने २०१६ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. बायका त्या खेळाची हलकी, खट्याळ नक्कल करतात. मंचावर हा प्रकार रुजवण्यात महमूद रेदा यांच्या पथकाचा मोठा वाटा आहे. १९५९ साली कैरोत निघालेल्या या पथकाने गावोगावचे नाच नाट्यगृहात नेले.

शिकवणाऱ्या ताईंनी काठ्या बाजूला ठेवायला लावल्या. आधी टाळ्या. मक्सूम हा पायाचा ताल: दुम तेक, तेक दुम, तेक. दुम म्हणजे दर्बुका या तालवाद्याच्या मध्यावर पडलेला घुमारदार हात. तेक काठावरचा, कोरडा. आता मधला तेक काढून तिथे दुम ठेवा: दुम तेक, दुम दुम, तेक. झाला सईदी. एवढ्या एका ठोक्याने चाल बदलते. मधले दोन दुम एकापाठोपाठ पडले की टाच आपोआप जमिनीत रुतते, छाती उघडते आणि काठी खांद्यावर यावीशी वाटते. अर्धा तास आम्ही नुसत्या चालत होतो. ज्यांना चालणं जमलं त्यांनाच काठी मिळाली. शिकवायची ही पद्धत मला फार पटली. आजकाल मोबाइलवर पाहून कमरेचे झटके शिकलेल्या मुली येतात. हालचाल सुबक असते, पण ताल गेला तरी त्यांना ते कळत नाही.

दुपारी पावसाने बाहेर पडू दिलं नाही, म्हणून व्हरांड्यात गप्पांची बैठक बसली. या नाचाच्या बदनामीचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून मागून घेतलं होतं. १८३४ मध्ये इजिप्तचा शासक मोहम्मद अली याच्या राजवटीने कैरोतल्या नर्तकींना शहराबाहेर काढून दक्षिणेत एस्ना, किना अशा गावी पाठवलं. नाच थांबला नाही. परदेशी प्रवासी बोटी करून एस्नाला जाऊ लागले. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली सर्वधर्म परिषद आणि विवेकानंदांचं भाषण आपल्याला पाठ असतं. त्याच प्रदर्शनाच्या करमणुकीच्या भागात 'कैरोचा रस्ता' उभारला होता. तिथे हा नाच पाहायला झुंबड उडाली, आणि तो अश्लील आहे म्हणून ओरडही झाली. मग १९२६ च्या सुमारास बदिया मसाबनी या बाईने कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं. तहिया करिओका आणि सामिया गमाल या नर्तकी तिच्याच तालमीत पुढे आल्या. आज आम्ही जे मंचावर करतो त्याचा बराचसा घाट तिथे पडला. हात कसे उचलायचे, मंचभर कसं फिरायचं, वाद्यवृंद कसा वापरायचा, हे सगळं तिथलं.

बोलता बोलता विषय घरी आला. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मधल्या वर्षांत बायकांची रोजी गेली, आणि कैरोतही किंमत बायकांनीच मोजली होती. दोन्हीकडे नाच पाहणाऱ्यांना कुणी गावाबाहेर काढलं नाही.

नाशिकची एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी लावणीला तिकीट काढून जातात. मी बेली डान्स करते म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढतो." तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. लावणीला तरी हा मान कधी मिळाला? वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर. तिकडे एडवर्ड सईदसारख्या विद्वानाने १९९० साली तहिया करिओकावर आदराने निबंध लिहिला. पोरवयात तिला मंचावर पाहिलं होतं, ते तो विसरला नव्हता. आपल्याकडे लावणीच्या बारीवरचं भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं २०१४ मध्ये. अशी आणखी पुस्तकं हवीत, आणि ती बारीतल्या बायका हयात असताना हवीत.

संध्याकाळी हफ्ला, म्हणजे आमची मैफल. प्रत्येकीने रेकॉर्डवर एक नाच करायचा. काही चांगले झाले. दोन-तीन नाच हिंदी गाण्यांवर होते; मी ते टाळ्या वाजवून पाहिले, त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. लिहायचं आहे ते पुण्याच्या एका पन्नाशीतल्या बाईंबद्दल. त्यांनी 'इंता उमरी' घेतलं होतं. इजिप्ती गायिका उम्म कुलसूमने १९६४ मध्ये गायलेलं आणि मोहम्मद अब्देल वहाबने बांधलेलं हे गाणं मैफलीत तासभर चाले. नर्तकी बहुधा त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावरच नाचतात. बाईंनी तेच घेतलं. पहिला मिनिटभर त्या जवळजवळ हलल्याच नाहीत. मग कानून या तंतुवाद्याच्या सुरांवर उजव्या कमरेने सावकाश एक आठ काढला आणि तो पुरा व्हायच्या आत सोडून दिला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. गाण्याचा अर्थ त्यांनी शब्दन् शब्द लिहून आणला होता: तुला भेटण्याआधीचं आयुष्य मी मोजतच नाही, असं म्हणणारी बाई आहे ती. अशी बाई प्रेक्षकांकडे बघून दात दाखवणार नाही. मला बैठकीची लावणी आठवली, एका जागी बसून, बोटाच्या टोकाने आणि भुवईने सगळं सांगणारी. पोटाचा म्हणून हिणवलेल्या नाचात पोट त्या दिवशी कुणाला दिसलं नसेल.

रविवार

माझा नाच सकाळी अकराला, जिवंत तालावर. यासाठीच मी आले होते. दर्बुका वाजवणारा मुलगा मुंबईचा. त्याच्या साथीला नाशिकचे एक ढोलकीवाले दादा, लावणीच्या बारीत आयुष्य काढलेले. दर्बुका आणि ढोलकी एकत्र बसवायची कल्पना पुण्याच्या त्याच बाईंची.

नऊ वाजता दादा तोंड पाडून स्वयंपाकघराच्या दारात उभे. रात्रभरच्या ओलीने ढोलकीची पानं उतरली होती. दर्बुक्याचं काही बिघडलं नव्हतं. त्याचं अंग ॲल्युमिनियमचं आणि पान प्लास्टिकचं. ढोलकीचं कातडं बकरीचं, ते हवेतलं सगळं पाणी पितं. दादांनी मावशींना विचारलं, "चुलीजवळ जरा ठेवू का?"

"ठेवा, पण भाकरीच्या परातीला लावू नका."

चुलीपासून हातभर अंतरावर पोतं घालून त्यांनी ढोलकी उभी केली. दर दोन मिनिटांनी फिरवायचे, तळवा लावून बघायचे. जास्त तापली तर शाई तडकते. मग मांडीवर घेऊन दोऱ्या ओढल्या, कड्या एकेक सारल्या आणि शाईवर बोट मारलं. पहिल्यांदा बद्द, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा टणकन वाजली. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी मावश्या हात थांबवून ऐकत होत्या. "आता बोलली," त्यातली एक म्हणाली.

सरावाला अर्धा तासच होता. सईदी दादांनी एकदा ऐकला आणि आपल्या बोलांत बसवून घेतला. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्याकडं बघायचं. खाली बघितलं तर मी कुणासाठी वाजवू?" रेकॉर्डवर नाचताना गाणं पुढे काय करणार हे आपल्याला पाठ असतं. इथे पुढचा ठोका वाजवणाऱ्याच्या मनात असतो आणि तो त्याच्या खांद्यात आधी दिसतो. बारीत ढोलकीवाला आणि नाचणारी एकमेकांवर अशीच नजर ठेवून असतात. ढोलकीने टाकलेलं घुंगरांनी उचलायचं, घुंगरांनी टाकलेलं ढोलकीने.

अकराला पाऊस उघडला होता. दिवे नाहीत, पडदा नाही. उघड्या हॉलमध्ये स्वच्छ उजेड, आणि बघणाऱ्या बायका दोन हातांवर फळ्यांच्या कडेला बसलेल्या. मावश्या दारात. कमरेला नाण्यांचा पट्टा बांधला आणि उभी राहिले.

दुम. डावी कंबर खाली सोडली. कंबर सोडायची म्हणजे खरं तर गुडघा वापरायचा: सरळ पाय किंचित वाकतो, वजन दुसऱ्या पायावर असतं, पोटाच्या बाजूचे स्नायू फक्त लगाम धरतात. तेक, उचलली. दुम, तेक, मध्ये रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत थांबणं सगळ्यात अवघड. अंगाला काहीतरी करायची घाई असते. मी थांबले. दर्बुक्याने बारीक रोल धरला, त्यावर शिमी, म्हणजे गुडघ्यांतून निघून नाण्यांपर्यंत पोचणारी थरथर. मग दर्बुका गप्प झाला आणि दादांनी ढोलकीवर एक तुकडा फेकला, अस्सल मराठी, उठावदार. त्याला इजिप्ती उत्तर काय द्यायचं ते ठरलेलं नव्हतं. उजव्या कमरेने तीन ठोके घेतले, चौथा पोटात झेलला: श्वासपटल आत ओढून सोडलं की पोटावर एकच लाट येते, ती. दादा मोठ्याने "हां!" म्हणाले आणि तोच तुकडा दुप्पट लयीत परत टाकला. तोही घेतला. पुढचं सलग आठवत नाही. सईदीवर काठी उचलली, दर्बुका आणि ढोलकी एका दुमवर येऊन थांबली आणि मीही तिथेच थांबले, एवढं पक्कं आहे.

मावश्यांपैकी धाकटी नंतर पाणी घेऊन आली. तिने पट्ट्याचं वजन हातात घेऊन पाहिलं आणि पोटाची लाट कशी काढतात ते विचारलं. मी तिचा तळहात माझ्या बरगड्यांखाली ठेवला आणि पुन्हा काढून दाखवली. तिने पदर खोचून करून पाहिली. दुसऱ्या खेपेला तिला जमली. मला ती शिकायला किती काळ लागला होता ते तिला सांगितलं, तर म्हणाली, "आम्ही रोज लावणी करतो ना भाताची, वाकून. पोट आमचं आधीच तयार आहे."

दुपारी जेवणं झाली. गाड्या एकेक करून निघाल्या.

सोमवार

पहाटेच्या गाडीने परत. मांड्या भरून आल्यात, तळव्यांना लाकडाच्या फळीची कूस टोचलीय, पण कंबर हलकी आहे.

काल निघताना दादांनी दर्बुक्याच्या सईदीचं ध्वनिमुद्रण मागून घेतलं. ढोलकीवर दुमची घुम आणखी लांबवायची आहे त्यांना. मी त्यांच्याकडे एकच मागितलं: चौफुल्याच्या लावणी कलाकेंद्रावर एका रात्रीपुरतं ढोलकीवाल्याच्या मागे बसू द्या, त्याच्या बाजूने नाचणारीकडे बघायचं आहे. ते म्हणाले, "गणपती होऊ द्या, मग या. मात्र ज्यांची बारी, त्या बाईंना आधी विचारावं लागेल." विचारायला मी स्वतः जाणार आहे. त्यांनी हो म्हटलं तर पुढचा लेखांक चौफुल्याहून.