शमीखालच्या शेळ्या

गेल्या वर्षी मे महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून मारवाडात जाण्याचा योग आला. जोधपूरच्या उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरांवर ओसियां हे प्राचीन मंदिरांचे गाव आहे. तेथून जवळच एका ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, आमचा मुक्काम होता. मंदिरे पाहिली, मनात राहिल्या त्या शेळ्या.

शेळीला काहीही चालते, असा आम्हां माळव्यातील मंडळींचा समज. आमच्याकडील हिंदी म्हणीप्रमाणे उंट सोडतो ती रुई आणि शेळी सोडते तो पळस. यजमानांच्या कळपामागे दोन सकाळी हिंडलो आणि हा समज वाळूत विरला. गवताच्या नावाने तेथे पिवळ्या काड्या उरल्या होत्या. मेंढ्या खाली मान घालून त्याच कुरतडीत होत्या. शेळी मात्र मान वर करून चालते. रानबोरीच्या काट्यांतून वरच्या चपळ ओठाने कोवळे पान तेवढे खुडते आणि चार घासांनंतर पुढचे झुडूप गाठते. खेजडीच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य फार. तो एकटाच खाल्ला तर त्यातील प्रथिने नीट अंगी लागत नाहीत. ती मिसळून खाते, ते उगाच नव्हे.

ही खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला तिची पूजा करून घरी परततो. येथे घरच तिच्या आधाराने उभे असते. १९८३ साली तिला राजस्थानचा राज्यवृक्ष हा मान मिळाला. भर उन्हाळ्यात ती हिरवी असते. रात्री वारा सुटला की पिकलेल्या गोड शेंगा गळतात. त्यांना तिकडे 'खोखा' म्हणतात. पहाटे साऱ्या शेळ्या त्यांच्याकडे धावतात.

पण येथेच खरी अडचण आहे. थंडीत खेजडी छाटून पाला वाळवून ठेवावा, तर त्या झाडाला पुढच्या उन्हाळ्यात शेंगा धरत नाहीत. यजमानांच्या मातोश्री, ज्यांना सारे 'माजी' म्हणत, दरवर्षी घराजवळची चार झाडे राखीत. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेल्याने दोनच राखता आली. श्रावणात तांब्याभर दूध देणारी शेळी आता जेमतेम पेलाभर देत होती. तो पेला दोन वर्षांच्या नातवाचा.

आणि आम्ही दोन दिवस दुधाचा चहा पीत होतो! तिसऱ्या दिवशी मी बिनदुधाचा चहा मागितला.

"पाहुण्याला काळा चहा? मास्टरसाहेब, आमची अब्रू काढता काय?" माजी म्हणाल्या आणि धार काढायला बसल्या. नातू रिकामी वाटी घेऊन शेजारी उभा.

निघण्याच्या दिवशी मी पहाटेच उठलो. थोरल्या शेळ्या सुटण्यापूर्वी ओंजळभर शेंगा वेचल्या आणि त्या दुभत्या शेळीपुढे धरल्या. तिने एकेक हुंगून पाहिली. किडीने भोक पाडलेल्या दोन शेंगा माझ्या तळहातावर तशाच राहिल्या.